ओल्या बायकांना गाडीत जागा नाही

१ मार्च १९९५, बुधवार

डोकं फिरलंय. इथे लिहून काढते, नाहीतर संध्याकाळी सगळं ह्यांच्यावर निघेल. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

चार वाजता शिवणक्लासच्या पोरी गेल्या. मशीनवर कापड टाकलं, लूना काढली, पद्मक्कांना मागे बसवलं, त्यांच्या मांडीवर पोहायचा भोपळा, आणि निघालो नदीवर. रोजच्यासारखं. तर वीटभट्टीच्या मैदानाशी रस्त्यात आडवा लोखंडी पाइप! लाल-पांढरा रंगवलेला, लग्नातल्या अंतरपाटासारखा मध्ये धरलेला. "वाहनं हितंच लावायची." पुढं नदीपर्यंत नवी डांबरी सडक, काळी कुळकुळीत, तिच्यावर एक चिटपाखरू नाही.

म्हटलं, मग माणसांनी जायचं कसं? तर म्हणे बागेची गाडी आहे, मिनीबस, फुकट. भरली की सुटते.

बाग कसली डोंबलाची! आमचीच नदीकाठची वाळू. तिला कुंपण घातलं, मध्ये कारंजं बसवलं, चार बाकडी मांडली, की झालं उद्यान. वर एक उद्यान समिती.

गाडी भरता भरता साडेपाच. पोहणं, आमच्या भाषेत पाणी, झालं, पण घाईघाईत.

३ मार्च

आज कहर झाला.

जाताना गाडीत बसवलं. पोहून बाहेर आलो, लुगडी पिळली, गाडीपाशी गेलो तर ड्रायव्हर दारात हात आडवा करून उभा. "ओल्या कापडांनी बसायचं न्हाई, मावशी. मालकानं सांगितलंय." आत बघितलं तर सीटांना मखमल! नदीवर जाणाऱ्या गाडीला लाल मखमल, झालर लावलेली. शिवणाऱ्या बाईला विचारा, ती झालर लग्नाच्या गाडीचीच.

म्हटलं, अरे, नदीवर आलेलं माणूस ओलं होणार नाही तर काय होणार?

"आवं, म्या काय करू? सीट भिजली तर माझी नोकरी जाती." नाव बबन. कवठे महांकाळकडचा. म्हणतो, आमच्याकडं बादलीभर पाण्यासाठी भांडणं, आन् हितं पाण्याला लोक फिरायला येत्यात. बोलतो चांगला. पण आत घेतलं नाही ते नाहीच.

कपडे बदलायचे कुठं? बायकांचा पत्र्याचा आडोसा होता तो पाडला, त्या जागेवर कारंजं. पुरुषांचं काय, टॉवेल गुंडाळला की झालं.

गाडी कोरडी माणसं घेऊन गेली. पद्मक्का दगडावर बसल्या. त्यांच्याच्यानं ती सडक चालवत नाही, दोन्ही गुडघे गेलेत. मी ओल्या लुगड्यानं पळत मैदानावर आले, लूना आडवी करून पाइपाखालून काढली, तो पाइपवाला ओरडतोय, मी मागं बघितलंसुद्धा नाही. अक्कांना घेऊन निघेपर्यंत सूर्य गेला.

म्हणजे पद्मक्का जेवल्या नाहीत. जैनाचं घर. सूर्य मावळला की त्यांच्या तोंडात घास नाही. घरी जायचं, अंघोळ, कोरडं नेसायचं आणि उजेडात पान वाढायचं, हा आयुष्यभराचा नेम. हे म्हणतात, "एक दिवस उशिरा जेवलं म्हणून काय होतं?" मी म्हटलं, उशिरा नाही हो! जेवणारच नाहीत, सकाळपर्यंत.

आणि अक्का काय म्हणाल्या? "असू दे गं सुमन." सगळ्याला असू दे. मला त्याचाच राग येतो कधीकधी.

५ मार्च, रविवार

उद्यान समितीच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन आले. चहा दिला. मी घेतला नाही.

म्हणाले, "ताई, एवढी फुकट सोय केली, त्यातही तक्रार?"

म्हटलं, साहेब, सोय कोरड्या माणसांची केलीय. पद्मक्कांना डॉक्टरांनी सांगितलंय, जमिनीवर चालू नका, पाण्यात पाय हलवा, नाहीतर वर्षात अंथरूण धराल. जमिनीवर त्या चार पावलं टाकताना डोळ्यांत पाणी आणतात, आणि नदीत भोपळा बांधून पलीकडच्या काठापर्यंत जाऊन येतात. बघा एकदा येऊन!

"मग घाटावर जा. घाट काय कमी आहेत?"

"घाटाला पायऱ्या असतात. त्यांना पायरी उतरता येत नाही. म्हणून उताराची वाळू लागते."

"मग सकाळी या."

"सकाळचं पाणी गार. गुडघे धरतात."

"सगळ्यालाच तुमचं काहीतरी आहे," म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी राग गिळून विचारलं, निदान आमची लूना तरी सोडा. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले. निघताना फाटकात बघते तर त्यांची स्वतःची गाडी, काचेवर बागेचा पास. आणि ती मखमलवाली मिनीबस त्यांच्या मेव्हण्याची आहे, लग्नाला भाड्यानं देतो, हे शेजारच्या दुकानदाराकडून कळलं. समितीनं ठेवलीय. वा रे समिती!

६ मार्च

पाइपाखाली साखळी बांधली. माझ्यासाठीच. मान आहे म्हणायचा.

आज सुकून गाडीत बसायचं ठरवलं. दोघी वाळूवर पापड वाळत घातल्यासारख्या उभ्या, पाठ उन्हाला, मग पोट उन्हाला. कोरडी माणसं भेळ खात आमच्याकडं बघतायत. नऊवारी लुगडं असं सुकतं होय! बबन दर खेपेला खाली उतरून पदर चाचपतो, मान हलवतो. "आजून वलं हाय."

शेवटच्या खेपेला घेतलं. सूर्य गेला होता.

९ मार्च

हसू की रडू.

बागेच्या फाटकावर वॉचमन पिशव्या तपासतो. डबा, फळं, काही न्यायचं नाही, कारण आत भेळेच्या गाडीचा ठेका दिलाय. आज नवा वॉचमन. अक्कांच्या पिशवीत हात घातला आणि भोपळा बाहेर काढला. "खायाचं सामान आत न्यायाचं न्हाई."

अक्का म्हणतात, "आरं बाबा, वाळल्याला हाय त्यो. कंबरंला बांधतात."

"भोपळा हाय का न्हाई? मग भाजीच की."

मी तो भोपळा त्याच्या कानाशी वाजवला. ठक ठक. खा म्हटलं! घे, चाव! अक्कांच्या सासऱ्यांनी वाळवलेला आहे, तुझ्या बापाच्या वेळचा. लोक जमले. वॉचमननं भोपळा फाटकाच्या पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवला, जाताना न्या म्हणाला.

अक्कांना भोपळ्याशिवाय आत जाता येत नाही. दोन्ही पाय एकदम दुखले तर धरायला काही पाहिजे. मी त्यांना दंडाला धरून कंबरभर पाण्यात उभं केलं आणि तेवढंच. त्या हसत होत्या. "ह्या वयात भाजीवाली ठरले गं मी." मला नाही हसू आलं.

पाणी अर्धं.

१३ मार्च, सोमवार

भोपळा सोडतात आता. जुन्या वॉचमननं नव्याला समजावलं.

आणि मी एक काम केलं. घरी रेक्झिन पडलं होतं, स्कूटरच्या सीटांचं. रविवारी दिवसभर बसून मागच्या लांब सीटची खोळ शिवली. नाडी, चुण्या, सगळं. बबनला दिली. त्यानं लगेच चढवली, हात फिरवून बघितला. "मावशी, कंपनीची वाटती की!" ओल्या बायकांनी मागच्या सीटवर बसायचं, पाणी रेक्झिनवर, मखमल कोरडी. एवढं साधं!

सहाच्या आधी मैदानावर. अक्कांना उजेडात घरी सोडलं. ताटावर बसेपर्यंत मी दारातच उभी होते. आमटीचा वास आला, मग निघाले.

पाणी झालं. जेवण झालं.

१६ मार्च

खोळ काढून टाकली. अध्यक्ष पाहुण्यांना बाग दाखवायला आले होते. म्हणाले, "दवाखान्याची गाडी वाटते."

माझं रेक्झिन आता भेळेच्या गाडीवर आहे. सावलीला. नाडीसकट. मी ओढून काढणार होते, अक्कांनी हात धरला.

शिव्या लिहायच्या नाहीत असं ठरवलंय.

१७ मार्च

पाणी नाही. क्लासमध्ये उगाच एका पोरीवर ओरडले. काजं चुकली होती, तेवढंच. शिवण तसंच टाकून ती घरी गेली.

२० मार्च, सोमवार

सकाळी अक्कांच्या सुनेचा फोन. स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. धावत गेले.

शुगर आहे त्यांना, हे मला माहीत होतं. पण हे माहीत नव्हतं की संध्याकाळची गोळी त्या नदीवरून निघतानाच घेतात. घरी गेलं की लगेच जेवायचं ह्या हिशोबानं. आणि काल गाडी आलीच नाही वेळेवर. गोळी पोटात, जेवण नाही, सबंध रात्र. डॉक्टर सुनेला बोलले, गोळी घेऊन उपाशी राहायचं असेल तर मला बोलावू नका.

मी म्हटलं, अक्का, मग उशीर होणार दिसला तर जेवा ना अंधारात. एक दिवस. देव काय काठी घेऊन बसलाय?

"देवाचं न्हाई गं सुमन. माझं हाय ते."

मी म्हटलं, मग नदी सोडा.

त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाल्या, "पाण्यात गेलं की मी धडधाकट असते. तेवढंच तर हाय."

सुनेचं म्हणणं, आता पाठवणार नाही. ती तिच्या जागी बरोबर आहे. सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, तो मेव्हणासुद्धा म्हणेल सीट माझी आहे. मग चूक कोणाची? त्या गुडघ्यांची?

२३ मार्च

सुनेला मी शब्द दिला: मी असताना अक्का उपाशी राहणार नाहीत. मग पाठवलं.

पाणी झालं. आज बबननं डोळेझाक केली, दोघींना पायरीवर बसू दिलं, दार उघडं ठेवून. पण उद्याचं काय, म्हणाला.

२४ मार्च, शुक्रवार

हे लिहायला नको वाटतंय.

दुपारपासून आभाळ भरलेलं. सूर्य कुठं आहे पत्ता नाही. गाडी दोन खेपा आमच्याशिवाय गेली, तिसरीला पायरीवर घेतलं. मैदानावर आलो, अक्कांनी विचारलं, "किती वाजले?" पोहताना घड्याळ माझ्या पिशवीत असतं, त्यांचं त्या आणतच नाहीत. मी बघितलं. पावणेसात.

म्हटलं, सव्वासहा.

तोंडातून निघून गेलं. गोळी त्यांनी घेतली होती. काय करणार होते मी?

त्यांचं घर लांब पडेल, वेळ जाईल म्हणून आमच्याकडेच नेलं. पटकन अंघोळ, माझं कोरडं लुगडं, ताटात दहीभात. आमच्या भिंतीवरचं घड्याळ महिनाभर बंदच आहे. त्या जेवायला बसल्या. मला इतकं बरं वाटलं!

आणि हे आले. दारातूनच, "अगं, सात वाजून गेले, दिवा का नाही लावला अजून?"

अक्कांच्या हातात घास होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. घास ताटात ठेवला. उठून मोरीत गेल्या, चूळ भरली, कितीतरी वेळा. "रिक्षा बोलव," म्हणाल्या ह्यांना. असू देसुद्धा म्हणाल्या नाहीत.

२५ मार्च

सून सांगत होती, आज अक्कांनी दिवसभर काही घेतलं नाही. गोळीही नाही. प्रायश्चित्त.

माझ्यामुळं.

त्या अध्यक्षाला गाडीसकट नदीत ढकलावंसं वाटतंय. खोटं मी बोलले, हे कबूल. पण माझ्यावर ही पाळी आणली कोणी? वीस वर्षं आम्ही दोघी त्या वाळूवर जातोय, कधी घड्याळ बघायची वेळ आली नाही. सूर्य दिसायचा, निघायचो.

२८ मार्च

गेले होते. अक्का झोपल्यात म्हणून सांगितलं. पलंगाची करकर ऐकू आली मला. जाग्या होत्या.

पाणी नाही.

३१ मार्च

एकटी गेले नदीवर. पाण्यात उतरले आणि परत आले. मजा नाही. बबननं विचारलं, "मोठ्या मावशी कुठायत?" मी त्याच्यावरच ओरडले.

२ एप्रिल, रविवार

आज गाडीच नाही. लग्नाला गेली. पाइप मात्र जागेवर! म्हणजे चालत जा. एक म्हातारे गृहस्थ नातीला कडेवर घेऊन निम्म्यातनं परतले. मी पाइपवाल्याला म्हटलं, गाडी नाही तर पाइप कशाला? म्हणाला, "पाइपाचं मला म्हाईत हाय. गाडीचं मला म्हाईत न्हाई." सगळा कारभार असा.

५ एप्रिल, बुधवार

जेवायच्याही आधी हे लिहिते.

चार वाजता दारात रिक्षा. अक्का! काखेत भोपळा, हातात डबा. "लूना काढ," म्हणाल्या. चोवीस तारखेनंतरचा पहिला शब्द. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आधी चल. ऊन उतरतंय."

डबा वॉचमननं फाटकावर ठेवून घेतला, अक्कांनी हातानं देऊन टाकला. पोहलो. पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आल्या, परत येताना उताण्या पडून आभाळाकडं बघत. बाहेर आल्यावर माझ्या खांद्याला धरून हळूहळू फाटकापर्यंत. डबा परत घेतला. गाडी उभी होती, आत अध्यक्षांचे पाहुणे, भारी साड्या, पुढच्या सीटवर स्वतः अध्यक्ष. बबननं आमच्याकडं बघून मान खाली घातली.

सूर्य पलीकडच्या उसाच्या शेंड्याला टेकायला आला होता.

अक्का गाडीच्या पुढं गेल्या. मला वाटलं आत बसायला विनवणार. त्या भोपळ्याचा आधार घेऊन खाली वाकल्या, तोंडातनं "अगं आई गं" निघालं, आणि सडकेवर मांडी घालता येईना म्हणून पाय पसरून बसल्या. गाडीच्या बरोबर समोर. ओल्या लुगड्यानं. डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ.

अहो, ही बाई अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाही. बाहेरचं पाणी पीत नाही. परक्या ताटात जेवताना तीनदा ताट पुसते. ती डांबरावर बसून, ओल्या हातानं, लोकांच्या देखत भाकरी मोडत होती.

हॉर्न. अध्यक्ष खिडकीतून, "बाई, हा काय तमाशा? उठा!"

अक्का घास चावून झाल्यावर म्हणाल्या, "सूर्य बुडायच्या आत जेवती हाय. तुमची गाडी मला घेत न्हाई, म्हणून हितं बसले. सावकाश जेवते, डॉक्टरनं सांगितलंय."

"बबन, हॉर्न दे!"

बबननं इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरून सडकेच्या कडेला जाऊन उभा राहिला. "जेवणाऱ्या माणसाला उठवत न्हाईत आमच्यात," म्हणाला. कोणाला म्हणाला कळलं नाही.

पाहुण्यांमधली एक बाई खाली उतरली. मी म्हटलं आता ही भांडणार, आणि पदर खोचला. तिनं बाटली पुढं केली पाण्याची. अक्कांनी नको म्हणून मान हलवली, पिशवीतून आणलेलं आपलंच पाणी प्यायल्या.

मी एवढी बोलकी बाई. महिनाभर भांडले, ओरडले, शिवलं, खोटंसुद्धा बोलले. आणि त्यांनी नुसता डबा उघडला.

शेवटचा घास आणि सूर्य, दोन्ही एकदमच गेले. अक्कांनी चूळ भरली, हात वर केला, मी उठवलं.

अध्यक्ष सगळ्यांच्या देखत म्हणाले, "उद्यापासून तुम्हा दोघींना बागेत बंदी. आणि तुला कामावरून कमी," हे बबनला. पाहुण्यांच्या मागून आलेल्या एका रिक्षाला पाइप उघडला होता, तिच्यातूनच आम्ही घरी आलो; लूना मग ह्यांनी आणली. अक्का रिक्षात म्हणाल्या, "त्या पोराचं वाईट झालं." स्वतःच्या बंदीबद्दल काही नाही.

त्यांच्या दारात मी म्हटलं, अक्का, त्या दिवशी मी...

"माझ्या पोटासाठी बोललीस ते कळतंय मला. पण माझा दिवस तू संपवायचा न्हाईस, सुमन. आन् तू लांबवायचा पण न्हाईस."

घरी येऊन रडले. रागानंच बहुतेक.

६ एप्रिल

सकाळी बबन येऊन गेला. नोकरी गेलीच. गावाकडं जातो म्हणाला. ह्यांनी कुपवाडला एका कारखान्यात शब्द टाकतो म्हणून सांगितलं, ट्रक चालवायला. होईल न होईल. माझ्या खोळीची नाडी त्यानं भेळवाल्याकडून सोडवून आणली होती. नुसती नाडी. "रेक्झिन देत न्हाई त्यो," म्हणाला. मला हसू आलं आणि तितकाच संताप.

हे म्हणतात, आजचा दिवस जाऊ नका, प्रकरण निवळू दे. निवळायला ते गढूळ पाणी आहे का? ती वाळू काय त्यांच्या मेव्हण्याची आहे? आत सोडणार नाहीत, सोडतील, वॉचमन हात धरेल, पोलीस बोलावतील, मला काही सांगता येत नाही.

साडेचार. बाहेर रिक्षाचा आवाज. खिडकीतून बघितलं. अक्का आल्यात, भोपळा आहे, आणि आज दोन डबे.

मी खिडकीतूनच ओरडले, "अक्का, मला कसलं बंधन? मी रात्री जेवते!"

"ठाऊक हाय. सोबतीला बस म्हणते. एकटीनं रस्त्यावर जेवताना लय लाज वाटली गं मला काल."

जाते. घड्याळ काढून मशीनवर ठेवलंय. आज वेळ त्यांनीच सांगायची.